मखराखालचा तारा

गोडदेवच्या आमच्या घरात टेबल एकच, आणि गणपती दरवर्षी त्यावरच बसायचा. त्या वर्षी तिथे माझा कॉम्प्युटर होता.

मी ताऱ्यांवर पीएच.डी. करत होते. काही उष्ण तारे इतके संथ फिरतात की त्यांच्या वातावरणात काही ढवळलंच जात नाही. मग आतून येणारा प्रकाश मँगनीजसारख्या धातूंना वर ढकलतो आणि हेलियम खाली बसतो. हे कसकसं घडतं ते माझा प्रोग्राम थर न् थर मोजत होता, दिवसरात्र. दिवाळीपर्यंत आकडे दाखवले नाहीत तर नोंदणी रद्द, असं सरांनी बजावलं होतं. लग्नानंतर एकदा मुदत वाढवून घेतलीच होती, आता मिळणार नव्हती.

"अगं, दीड दिवस बंद ठेव की. तारा काय पळून जातोय?" सासूबाई म्हणाल्या.

"बंद केला तर सगळं पहिल्यापासून, आई. मी नाही करणार."

शेवटी कॉम्प्युटर चालूच ठेवून टेबलाखाली सरकवला, त्यावर झालर, वर मखर. दुपारी नेहमीसारखी लाइट गेली. मी निर्धास्त होते, कारण त्यासाठीच हट्टाने इन्व्हर्टर घेतला होता. पण थोड्याच वेळात मखरातली रोषणाई आणि खालची घरघर एकदमच थांबली. सासऱ्यांनी सगळ्या माळा माझ्याच इन्व्हर्टरला जोडल्या होत्या.

"म्हटलं, बाप्पा अंधारात नको," ते चाचरत म्हणाले.

असा संताप आला की हातातलं मोदकांचं ताट आपटावंसं वाटलं. पाहुण्यांना मोदक वाढले, वर आग्रहही केला. पण मनात म्हटलं, लाइट शंभरदा जाऊ दे, हा तारा मी पुरा करणारच. लाइट आल्याबरोबर सगळ्यांदेखत झालर वर केली, जमिनीवर मांडी ठोकली. दर टप्प्याचे आकडे साठवले जातील अशी प्रोग्रामात सोय केली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.  रात्री सासूबाईंनी विचारलं, त्यात एवढं काय आहे, तेव्हा मी त्यांना तो न ढवळलेला तारा समजावून सांगितला.

दिवाळीच्या तोंडावर मँगनीज वर आलं. सर म्हणाले, "लिहायला घ्या."

पुढच्या वर्षी सासूबाईंनी आपला पलंग भिंतीला उभा केला आणि त्या जागी मखर मांडलं. दीड दिवस त्या सतरंजीवर झोपल्या. कुणीतरी विचारलंच, "यंदा टेबलावर नाही?"

"ते हिचं आहे," त्या म्हणाल्या. "तिथलं काही हलवायचं नसतं."