डिकीतला कांदा

पिंपळवंडीला मी जुनी डिकीवाली गाडी बघायला गेलो. मालक म्हणाले, "फकस्त लग्नकार्याला काढली राव. एक नंबर!" त्यांचा ड्रायव्हर डोक्यावरची टोपी काढून तिनेच आरसा पुसत होता. चालवणारा तो, म्हणून गाडी कशी आहे ते मी त्यालाच विचारलं. त्याने टोपी डोक्यावर चढवली आणि डिकी उघडली. कांद्याचा भपकारा आला.

"आठ वर्षं बाजारला कांदा वाहिलाय हिनं, पावणं. मागच्या स्प्रिंगा बसल्यात, वास जायचा न्हाई. पर इंजिन मी संभाळलंय. बिनघोर घ्या."

मालक गोरेमोरे झाले. मी तिथेच गाडी घेतली.

स्प्रिंगा बदलल्या. इंजिनाला अजून पाना लागलेला नाही. गाडीत बसणारे नाक मुरडतात, तेव्हा मी फक्त काच खाली करतो.