वसंताची उंची आणि माझा प्रयोग

परवा पणतूची उंची मोजताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घराण्यात कुणी बुटकं होतं का?" आणि मला एकदम वसंता आठवला... (वय शहाण्णव. मी सांगतेय, नात टाइप करतेय. चुका तिच्या!)

एकोणीसशे अडतीसच्या सुमाराची गोष्ट. आम्ही नाशिकला भद्रकालीत राहायचो. माझा धाकटा भाऊ वसंता सहा वर्षांचा, पण दिसायचा चारचा. आणि याचा दोष घरात कधीच ठरून गेला होता... आमच्या आत्याचा.

झोपलेल्या मुलाला ओलांडलं की त्याची वाढ खुंटते, असं तेव्हा सगळे मानायचे. चुकून ओलांडलंच तर लगेच उलट ओलांडून यायचं, म्हणजे दोष गेला. वसंता तान्हा असताना दूध उतू चाललं म्हणून आत्या त्याच्यावरून धावली... आणि परत ओलांडायचं विसरली.

आत्या विधवा, आमच्याकडेच असायची. आई तशी प्रेमळ, पण वसंताला गेल्या वर्षीचा सदरा नीट बसला की ती नुसती आत्याकडे बघायची. आत्या खाली मान घालून तांदूळ निवडत राही.

मला मात्र राहवेना. हे खरं कशावरून? दहा वर्षांची होते, पण लोकांचं डोकं खायची सवय तेव्हापासूनची.

शेजारची जुबेदा माझी मैत्रीण. दाराआड कोळशाने माझ्या उंचीची खूण केली. मग रोज दुपारी मी ओसरीवर आडवी पडायची आणि तिने मला ओलांडायचं. परत उलट यायचं नाही, ही अट! "तू ठेंगणी राहिलीस तर तुझी आई आमच्या घरी भांडायला येईल हं," ती म्हणाली. पण पोरगी धीट...

दिवाळीपर्यंत मी खुणेच्या चांगली दोन बोटं वर!

नेमकं तेव्हाच आत्याने हरसूलला दिराकडे जायचं ठरवलं. तिथे तिला विचारणारं कुणी नव्हतं, हे मलाही कळत होतं. तिने गाठोडं बांधायला घेतलं, तेव्हा मी स्वयंपाकघरात सगळ्यांसमोर माझा प्रयोग सांगून टाकला.

आत्या पांढरीफटक. "अगं कार्टे, हे काय करून बसलीस!" आईने तर हातच उगारला. मग म्हणाली, "तुझं वेगळं. तू वडिलांवर गेलीस, ते ताडमाड."

"आणि वसंता?"

"तो माझ्या भावांवर. तेच नाक, तेच कान."

माझे तिन्ही मामा एवढेएवढेसे. टांग्यात चढताना त्यांना हात द्यावा लागे. मी सहज विचारलं, "मग मामांना कुणी ओलांडलं होतं गं?"

आई चुलीपुढून उठली आणि आत्यापाशी गेली. "वन्सं, माझ्या माहेरची उंची घेतलीय त्याने. इतकी वर्षं उगाच तुम्हाला बोल लावला. जाऊ नका..." आणि दोघी रडायला लागल्या. मी आपली बघतच राहिले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उंची बरीचशी आईबापांकडून येते. बाकी खाणं, झोप, खेळणं आणि लहानपणची आजारपणं. तेव्हापासून एकच विचार मनात घोळतोय... वसंताला लहानपणी सारखा हिवताप यायचा. तांदळाची पातळ कण्हेरी भरवत, त्याला मांडीवर घेऊन बसायची ती आत्याच. तो जेवढा वाढला तेवढा तिच्यामुळे वाढला, आणि हे तिला सांगायला आज ती नाही.