हातावर तोललेला रेग्युलेटर

माझा गुडघा गेला. म्हणजे आहे जागेवर, पण भरलेली कळशी उचलली की तो एकीकडे आणि मी दुसरीकडे. डॉक्टरनं सांगितलं, वजन उचलायचं नाही. डॉक्टरला सांगायला काय जातं? घरामागच्या परसात माझी अबोली आहे, मोगरा आहे, वालीचे वेल, लाल माठ आणि सुपारीची रोपं. आमच्याकडे खाली सगळा कातळ, त्यावर वीतभर माती. थंडी सरली की एक दिवस पाणी चुकलं तरी रोपं माना टाकतात.

मुलगा मुंबईला असतो. त्यानं फोनवर निकाल दिला. "आई, एक तर परसात ठिबक लाव, नाहीतर पाऊस पडेपर्यंत इकडे ये. कळशी उचललेली मला कळली तर मी स्वतः येऊन घेऊन जाईन."

त्याच्याकडे मी एकदा राहून आले आहे. घर चांगलं आहे, सूनही वाईट नाही. पण सातव्या मजल्यावर मला काम काय, तर बेल वाजली की दार उघडायचं. तेही आधी भोकातून बघून. म्हटलं, ठिबक लावू.

त्यानं नळ्यांचं वेटोळं आणि तोट्यांची पिशवी कुरियरनं पाठवली. मी आणि माझी थोरली जाऊ, दोघींनी मिळून सगळं अंथरलं. जाऊ वरच्या घरात राहते. माझ्यापेक्षा मोठी आहे आणि तिचे गुडघे शाबूत आहेत, हे ती कुणाला विसरू देत नाही. काळ्या नळीला टोचून भोक पाडायचं, त्यात बटणाएवढी तोटी बसवायची, की तिच्यातून रोपाच्या मुळाशी थेंब थेंब पाणी पडतं. चाळीसेक तोट्या बसवल्या. नळाला जोडून कॉक सोडला. छान चाललं. जाऊ म्हणाली, "बघ, आता खाटेवर पडून बागायत कर."

दुसऱ्या सकाळी नळी फटकन जॉइंटमधून सुटली आणि पाणी माडाच्या झावळीला लागलं.

त्याचं कारण असं. आमच्या वाडीची टाकी वर सड्यावर, कातळाच्या पठारावर आहे आणि माझं घर सगळ्यात खाली, शेताला लागून. सकाळी टाकीचं पाणी सोडतात. सगळ्या घरांचे नळ चालू असेपर्यंत माझ्याकडे पाणी रडतखडत येतं. एकेकाचे हंडे भरले, नळ बंद झाले, की सड्यावरून उतरलेला सगळा जोर माझ्या एकटीच्या नळावर. एवढ्या वर्षांत त्याचं काही वाटलं नव्हतं. हंड्याला जोर काय करणार? हंडा लवकर भरतो एवढंच. पण त्या बोटभर नळीला तो सोसेना.

जाऊ म्हणाली, "कॉक अर्धा ठेव गो." अर्धा ठेवला तर आधी थेंबही येईना, आणि वरचे नळ बंद झाले की परत फटकन. मग मी कॉकजवळ पाट घेऊन बसायला लागले. वरच्या घरांतले नळ बंद झाल्याचा अंदाज घ्यायचा आणि कॉक पिळायचा. पाव पीळ, अर्धा पीळ. दोन सकाळी असं केल्यावर जाऊ म्हणाली, "यापेक्षा कळशी बरी होती. निदान हातपाय तरी हलायचे."

मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "प्रेशर रेग्युलेटर लागेल. पाणी कितीही जोरात येऊ दे, पुढे ठरल्याएवढंच सोडतो. हातखंब्याला मिळेल."

गेले हातखंब्याला. महामार्गाच्या कडेला पंप आणि पाइपचं दुकान आहे. दुकानदारानं तीन रेग्युलेटर काढून गल्ल्याजवळ मांडले आणि फोन आला म्हणून बोलत उभा राहिला. मी एकेक उचलून बघितला. आम्ही कुठलीही वस्तू अशीच घेतो. तांब्या घ्या, विळी घ्या, नारळ घ्या, हाताला वजन लागलं पाहिजे. दोन हलके होते, बाळाच्या खुळखुळ्यासारखे. तिसरा चांगला जड, लांब, मोठ्या तोंडाचा. दुकानदारानं फोनमधूनच विचारलं, "बाग केवढी, आजी?" म्हटलं, "हाच बांध."

वाडीत नळाची कामं करणारा आहे, त्यानं मोठ्या तोंडाला लहान तोंड जोडून तो बसवला. पाणी सोडलं, थेंब नीट पडले. पुढचे सगळे दिवस नीट पडले. मी मुलाला कळवून टाकलं की काम झालं.

झालं कसलं! शिमगा जवळ आला होता. पालखी घरोघर येणार म्हणून वाडीतली प्रत्येक बाई घर धूत होती, गोधड्या आपटत होती. सगळ्यांचे नळ सकाळभर चालू. माझ्याकडे जोर येणार कुठून? हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही.

मुलगा शिमग्याला आला. पालखीच्या दिवशी वाडीनं उजाडायच्या आत पाणी भरून ठेवलं आणि नळ बंद करून सगळे नटून बाहेर. टाकीचं पाणी मात्र चालूच होतं, आणि माझा कॉकही. पालखी आमच्या अंगणात आली. आदल्या दिवशी शेणानं सारवलं होतं, वर रांगोळी. ढोल जोरात, खांद्यावर पालखी घेऊन पोरं नाचत होती, आणि मी ओटी हातात घेऊन पुढे झाले तेवढ्यात परसाकडून फटकन आवाज आला. नळी सापासारखी उठली. पाणी घराच्या बाजूच्या कुडावरून थेट अंगणात. सारवण निसरडं झालं, एकाचा पाय सरकला, दुसऱ्यानं त्याला कमरेत धरलं. पालखी हलली पण खांद्यावरून ढळली नाही. ढोल वाजवणारा भिजला तरी थांबला नाही. जाऊ ओरडली, "रंगपंचमी आजच उरकलीस काय गो!"

सगळे हसले. मुलगा हसला नाही. तो कॉक बंद करून आला, हातपाय चिखलानं भरलेले. पालखी पुढच्या घरी गेल्यावर म्हणाला, "आई, पुरे झालं. मी परवा जातो, तू बरोबर चल. कपडे भर."

"आणि परसाचं काय?"

"वाळेल."

असं सहज म्हणाला. मी सकाळी उठले, रेग्युलेटर काढायला लावला, पिशवीत घातला आणि म्हटलं, "मला हातखंब्याला ने. हे बिघडलेलं परत करायचं आहे. वाळायचं ते नंतर बघू."

दुकानदारानं उलटापालटा करून बघितला. "बिघडला नाही हा. पण हा कुणी दिला तुम्हाला?"

"तूच दिलास."

"मी कुठे? तुम्ही उचललात. मी बाग विचारली, तुम्ही म्हणालात, बांध."

मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं.

दुकानदारानं विचारलं, तोट्या किती, एकेका तोटीतून तासाला पाणी किती. मुलानं सांगितलं. मग दुकानदारानं त्या जडशीळ रेग्युलेटरवरचे बारीक आकडे दाखवले. तो आंब्याच्या कलमांच्या मोठ्या बागेसाठी होता. त्याच्यातून भरपूर पाणी वाहिलं तरच आतली स्प्रिंग हलते आणि जोर अडवते. माझ्या चाळीस तोट्यांचं पाणी तिच्या खिजगणतीत नाही. ती निवांत बसून राहते आणि मागचा जोर तसाच पुढे जातो. हे मला लगेच कळलं. माझा नवरा असाच होता. गावकीचं मोठं काम निघालं तर सगळ्यांच्या पुढे, आणि घरातून हाक मारली तर जागचा हलायचा नाही.

दुकानदारानं त्या हलक्यांतलाच एक पुढे केला. "कमी पाण्याचा आहे. पुढे एक किलो प्रेशर सोडतो. तुमच्या नळीला तेवढं पुष्कळ."

मी हातावर घेतला. "एक किलो सोडतो म्हणतोस, आणि स्वतः छटाकभर नाही."

"आजी, याला वजनानं नाही घ्यायचं. आधी आपलं पाणी किती ते बघायचं. त्याच्या अलीकडे गाळणी बसवा, नाहीतर कातळाची लाल माती जाऊन अडकेल. आणि हा बाण पाण्याच्या दिशेनं ठेवा."

मुलगा म्हणाला, "हा चालला नाही तर?"

"नाही चालला तर तुझ्याबरोबर येते," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं. संध्याकाळी नळवाल्यानं आधी गाळणी आणि मग बाण बघून नवा रेग्युलेटर बसवला.

दुसरी सकाळ त्याच्या जायची. पण रेग्युलेटर खरा बघायचा तर वाडीतले सगळे नळ बंद हवेत, आणि सण उरकल्यावर बायका धुणं काढून बसलेल्या. मी जावेला सांगितलं. जाऊ आपल्या पडवीत उभी राहिली आणि कमरेवर हात ठेवून ओरडली, "नळ बंद करा गो सगळ्या! हिचा मुलगा हिला मुंबईला नेतोय!"

वरच्या अंगाच्या एकीनं विचारलं, "मग नळ कशाला बंद?"

"आधी बंद कर, मग विचार!"

नळ बंद झाले. मुलगा नळीजवळ उकिडवा बसला होता, एक हात जॉइंटवर. मी कॉक पूर्ण उघडला. रेग्युलेटरमधून बारीक सूं असा आवाज आला. नळी ताठ झाली, पण उठली नाही. आम्ही वाट बघत राहिलो. अबोलीखाली ओल धरली. मग मोगऱ्याखाली. शेवटच्या सुपारीच्या रोपाशी मी स्वतः चालत गेले. तोटीच्या टोकाला थेंब फुगला, पडला, मागून दुसरा आला.

वरून जाऊ ओरडली, "राहिलीस की निघालीस?"

"राहिले!"

"सोडा गो नळ!"

मुलगा उठला, हात झटकले. म्हणाला, "बरं. पण एकटीला करमतं तुला इथे?"

"एकटी कुठे? तो आवाज ऐकलास ना आत्ता?"

रिक्षा आली तेव्हा मी त्याला वालीच्या शेंगांची पिशवी दिली. बसता बसता तो म्हणाला, सुनेनं माझ्यासाठी कपाटातला एक खण रिकामा करून ठेवला होता. म्हटलं, तिला सांग, त्यात चादरी ठेव. पलंगाखाली कोंबलेल्या असतात.