हान्स आजोबांचे बूट

काल इथे कॅनडात, किचनर शहरातल्या जुन्या वस्तूंच्या थ्रिफ्ट स्टोअरमध्ये चामड्याचा एक जुना फुटबॉल उचलला. त्याला चरबीचा उग्र वास होता, आणि मी मनाने थेट लहानपणीच्या हान्स आजोबांच्या गॅरेजमध्ये जाऊन पोहोचले.

ते आमचे जर्मन शेजारी. ऐन उमेदीत, दुसऱ्या महायुद्धात, त्यांना फुटबॉल सोडून जर्मन सैन्यात जावं लागलं होतं. तरी दर शनिवारी ते जुन्या बुटांना चरबी चोळत, जणू उद्या मॅच आहे. मी दहा वर्षांची होते. बाबा बेसमेंटमध्ये युद्धविरोधी पत्रकं छापत, मी ती घरोघर वाटत असे. एका शनिवारी मी स्वतः एक पत्रक लिहून आजोबांना ऐटीत वाचून दाखवलं, "युद्धाने या खेळाडूचा खेळ हिरावून नेला!"

आजोबांचा बुटावरचा हात थांबला. "खोड ते."

"का? खरंच आहे की!"

"आमची मॅच चालू होती, मुली. लाउडस्पीकरवर सांगितलं, आपल्या सैन्याने आणखी एक शहर घेतलं. सगळ्या मैदानाने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, खेळ थांबवून. नंतर मला बोलावणं आलं. लिहायचं तर हे लिही."

मी धावत घरी जाऊन बाबांना ते सगळं सांगितलं. बाबा हसून म्हणाले, "अगं, असं पत्रक कोण वाचेल?"

तेव्हा मला आजोबांचाच राग आला होता. आज मी उद्याच्या युद्धविरोधी सभेत वाचायचं पत्रक लिहायला बसले आहे. बॉल टेबलावर आहे, वास जात नाही. पहिल्याच वाक्याला टाळ्या पडणार, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच ते सारखं खोडते आहे.