सांबारात पडलेला जेलर

आईची नजर मंदावली आणि टीव्हीवरच्या मालिका तिनं एकेक करून सोडल्या. त्याच दिवसांत माझ्या टॅबवर एक जुना मूकपट लागला होता, शंभरेक वर्षांपूर्वीचा, काळापांढरा, वीस मिनिटांचा. त्यातला पियानो ऐकून आई खुर्ची ओढत आली. "काय चाललेंय गे त्यांत?" तेव्हापासून तो मूकपट तिला सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

गोष्ट एका तुरुंगातली. एक लुकडा कैदी चमच्यानं भुयार खणतो आणि नेमका जेलरच्या टेबलाखाली वर येतो. मग पळापळ, किल्ल्यांचा जुडगा, आपटाआपटी, आणि शेवटी ढेरपोट्या जेलर धप्पकन एका मोठ्या भांड्यात. पापनाशमच्या शाळेत दिवसभर वर्गांपुढे बडबडून मी बसनं तंजावरला परत यायची, आणि घरी पुन्हा ही बडबड. पहिल्याच दिवशी आईनं विचारलं, "कशांत पडला तो?" मला कडकडून भूक लागली होती आणि चुलीवर सांबार उकळत होतं. "सांबारात," मी म्हणून टाकलं. आई इतकी हसली की तिला ठसका लागला.

मग ते सांबारच राहिलं. पुढच्या खेपेला जेलरच्या डोक्यावर शेवग्याची शेंग आली, त्यानंतर मिशीत कढीपत्ता. गोऱ्या लोकांच्या तुरुंगात सांबार कुठून आलं, हे आईनं एकदाही विचारलं नाही. आम्हा तंजावरच्या मराठी माणसांची पक्की समजूत आहे की सांबार आमच्याच पूर्वजांनी शोधलं, जगात कुठंही दिसलं तर ते आमच्याकडूनच गेलेलं. आई एवढंच म्हणायची, "त्यांना चिंच बेतानें घालायला येत नसेल." पाच वर्षं हे चाललं. मला लाज वाटली नाही. जेलर सांबारात पडला की ती हसायची, आणि तिच्या हसण्यासाठी मी त्या जेलरला पायसात सुद्धा बुडवला असता.

यंदा तिच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू निघेल, पण आतला पडदा थकलाय, किती दिसेल ते सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. या डोळ्याला फरक पडला तरच दुसऱ्याला हात लावायचा. पट्टी निघाली तेव्हा आई म्हणाली, "छान दिसतेंय." तक्त्यावरची अक्षरंही तिनं घडाघडा वाचली. डॉक्टर खूश झाले. मी झाले नाही. तिच्या आधी तिरुवैयारुचे एक आजोबा तोच तक्ता मोठ्यानं वाचून गेले होते, आणि माझ्या आईला एकदा ऐकलेलं पाठ होतं. शिवाय कॉफीत साखरेऐवजी मीठ घालत होती तेव्हाही ती "छान दिसतेंय" असंच म्हणायची. आपल्यापायी लेकीला रजा काढावी लागू नये म्हणून ही बाई काहीही म्हणेल. मला तिचा राग येत होता.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी, दुपारी डोळ्यात थेंब घालून झाल्यावर, मी टॅब तिच्यासमोर ठेवला आणि आवाज पूर्ण बंद केला. पियानोवरून तिला कुठं हसायचं ते ठाऊक होतं, म्हणून. मीही तोंड मिटून बसले.

कैदी खणत होता. आई नाकाशी टॅब धरून गप्प. तो टेबलाखालून निघाला, तरी गप्प. जेलर धावला, घसरला, भांड्यात पडला. या जागी आई हसली नाही असं कधीच झालं नव्हतं. ती हसली नाही. संपलं, मी मनात म्हटलं, आता दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशनही होणार नाही.

"ह्यांत सांबार कोठें आहे?" आईनं विचारलं.

मी टॅबकडे वाकून पाहिलं.

"हें साबणाचें पाणी आहे. कपडे तरंगतात, बघ. त्याच्या डोक्यावर शेंग नाहीं, मोजा आहे मोजा! इतकीं वर्षें मला पोय सांगत होतीस?" पोय म्हणजे खोटं. लहानपणी हा शब्द तिच्या तोंडून आला की पाठोपाठ धपाटा यायचा. तसा तो आलाही, खांद्यावर, नेम धरून. मी हसत होते की रडत होते, मला कळलं नाही. तिला मिठी मारली तर तिनं मला लांब ढकललं आणि त्या एका डोळ्यानं माझ्याकडे पाहत राहिली.

"केस कधीं पिकले तुझे?"

"झाली तीन वर्षं."

"तेंही सांगितलें नाहींस." तिनं माझ्या कानामागची बट बोटांत धरून पाहिली आणि नीट मागे सारली. मग टॅब माझ्याकडे सरकवला. "पुन्हा लाव. आतां तूं बोलूं नकोस."

मी आधी डॉक्टरांकडे फोन करून दुसऱ्या डोळ्यासाठी दिवस मागून घेतला, मग मूकपट लावला. पाच वर्षांत पहिल्यांदाच मला काही सांगायचं नव्हतं. जेलर पुन्हा साबणाच्या पाण्यात पडला, आणि आई माझ्या आधी हसली.