खाली आलेला गोटा

एकटीनं फिरणाऱ्या बाईला लोक हमखास एकच प्रश्न विचारतात. "एकट्याच का?" इतकी वर्षं भटकल्यावर मला त्याचा राग येत नाही, नुसता कंटाळा येतो. त्या दिवशी सकाळी यवतमाळात लॉजच्या मॅनेजरनं विचारलं, मग दिग्रसच्या एसटीत कंडक्टरनं. फाट्यावरच्या चहावाल्यानं तर माझ्या पाठीमागं वाकून पाहिलं, नवरा पिशवीत भरून आणला असल्यासारखं. यवतमाळ माझं माहेर. वडील कचेरीत होते. ते गेल्यावर घर विकलं, म्हणून आता आपल्याच गावात लॉजवर उतरावं लागतं.

दिग्रसच्या अलीकडे फाट्यावरून आत गेलं की डोंगराची एक रांग लागते. सह्याद्रीवाल्यांनी हसू नये. आमचे डोंगर बुटके असतील, पण सागाचं रान दाट आहे आणि वाटा फसव्या. पायथ्याशी बंजाऱ्यांचा तांडा आहे. शेवटच्या घरापुढं एक म्हातारी बसली होती. सगळा तांडा तिला याडी, म्हणजे आई, म्हणतो. तिनंही तोच प्रश्न विचारला. मी हो म्हटल्यावर ती उठली आणि मला मोहाच्या झाडाखालच्या एका सपाट खडकापाशी घेऊन गेली.

तिथली रीत तिनं समजावून सांगितली. तिचे पूर्वज बैलांवर मीठ-धान्य लादून हा घाट ओलांडायचे, तेव्हापासून चालत आलेली. वर जाणाऱ्यानं खडकावर एक गोटा ठेवायचा. खाली आल्यावर आपला गोटा उचलून नाल्यात टाकायचा. ज्याचा गोटा खडकावर उरला, तो माणूस अजून वर आहे. त्या सकाळी तिथं एकच गोटा होता, पांढरा, तेल पिऊन चकाकणारा.

"माह्या पोराचा हाये," ती म्हणाली. "गुरं पाहाले गेलता. अजून वरच हाये."

किती वर्षं झाली ते विचारायचा मला धीर झाला नाही. गोट्याखाली खडकावर तेलाचा काळा थर साचला होता. मी शेताच्या धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, एक पांढरी गारगोटी उचलली, त्याच्या शेजारी ठेवली आणि निघाले.

चढण मजेत गेली. सीताफळं पिकली होती; माथ्यावर बसून पोटभर खाल्ली, खालची फुटलेली कपाशी बघत राहिले. उतरताना मात्र काहीतरी बिनसलं. कमरेएवढ्या गवतातून माझ्या पावलांचा आवाज येत होता, आणि त्यात आणखी एक आवाज मिसळला होता. मी थांबले की तो जरासा उशिरा थांबायचा. गुरं असतील म्हणून वळून पाहिलं. वारा पडला होता आणि माझ्या मागचं गवत हलत होतं. मग मी वळून पाहायचं बंद केलं.

मोहाखाली पोचले तेव्हा अंधारून आलं होतं आणि गाडी चुकायची भीती होती. खडकावर चाचपून गारगोटी उचलली. नाल्यापर्यंत जायला वेळ नव्हता, म्हणून तशीच कुर्त्याच्या खिशात टाकली आणि फाट्याकडं पळत सुटले.

एसटी खचाखच भरली होती, तरी मला खिडकी मिळाली. माणसं दांड्याला धरून उभी होती, आणि माझ्या शेजारची जागा यवतमाळ येईपर्यंत रिकामी राहिली. कोणी बसायला आलं की थबकायचं आणि पुढं सरकायचं. कंडक्टरनं या वेळी काही विचारलं नाही.

नवरात्र होतं. यवतमाळ नवरात्रात झोपत नाही. देवीचे मंडप, दिव्यांच्या माळा, गरब्याची गाणी, रस्ता फुलून गेलेला. लॉजवर बॅग टाकली, तेव्हा मॅनेजरनं न मागता दोन टॉवेल दिले. मी मुद्दाम गर्दीत शिरले. एका गाडीवर मुंगवडे मागितले, तर त्यानं माझ्यापुढं दोन प्लेटा ठेवल्या. मी चिडून म्हटलं, एकच सांगितली होती. त्यानं माझ्या बाजूला पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "असू द्या. त्याईले बी भूक लागली असंन."

मी पाठ फिरवून खाल्लं. हात पुसायला वळले तर दुसरी प्लेट रिकामी होती. मिरचीचं देठ तेवढं उरलं होतं. रुमालासाठी कोरडा डावा हात खिशात घातला, तर त्याचीही बोटं तेलकट झाली. मंडपाच्या उजेडात पाहिलं, तर कुर्त्यावर तेलाचा डाग पसरत चालला होता. माझी गारगोटी तर कोरडी होती.

मी घाबरले, खोटं कशाला सांगू. पण त्याहून वाईट विचार नंतर आला. याडी खडकाशी गेली असेल. पोराचा गोटा तिथं नाही, म्हणजे पोरगा उतरला, असंच ती समजणार. रात्रभर खोलीत दिवा चालू ठेवून मी त्या दोन टॉवेलांकडं बघत बसले.

सकाळच्या पहिल्या गाडीनं गेले. तिचं दार सताड उघडं होतं. आत दोन ताटं वाढलेली, भाकरी वाळून गेलेली. ती मोहाखाली माझ्या कोरड्या गारगोटीजवळ बसली होती. मी गोटा पुढं केला. चुकून माझ्यासोबत नेला म्हणून सांगितलं. ती चिडली नाही. गोटा हातात घेऊन पदरानं पुसत राहिली.

"कुठं कुठं नेलं वं त्याले?"

मी सगळं सांगितलं. एसटीची खिडकी, मंडप, दिवे, गाणी, मुंगवडे.

"खाल्लं का त्यानं?"

"खाल्लं," मी म्हणाले. मला रडू आवरेना.

तिनं मान हलवली. मग डोंगराकडं पाहिलं आणि गोटा माझ्या हातात परत दिला. "ठेव जागेवर. तिकडल्या गर्दीत हरवंल तो. इथं मले माहीत तरी असते, कुठं हाये."

मी गोटा त्याच्या काळ्या डागावर ठेवला. माझी गारगोटी तिनं स्वतः नेऊन नाल्यात टाकली. परत आली आणि माझा चेहरा निरखत म्हणाली, "आता एकटीच जाशीन ना वं?"

उत्तर देण्याआधी मी मागं वळून पाहिलं.