खताच्या दुकानातली ढकलगाडी

पोलादपूरच्या खताच्या दुकानात पोती वाहून वाहून माझी कंबर कामातून गेली. महाडच्या डॉक्टरांनी पाठीवर पोतं घ्यायला साफ मनाई केली. बायकोला निमित्तच मिळालं. "मग मुंबयला भावाकडं जावा. वॉचमनला बसून पगार हाय," हे तिचं रोजचं पालुपद. मुंबईला वैतागून तर मी परत आलेलो. मला नव्हतं जायचं. पण पोती उचलल्याशिवाय इथे पोट कसं भरणार?

शेठ मनाने चांगले. त्यांनी पोती न्यायला दोन चाकांची ढकलगाडी आणली. पोतं टेकवा, गाडी कलती करा, ढकला. मी सुटलोच असं वाटलं.

पण माझ्या जोडीला मामा होते, दुकानातले सगळ्यात जुने हमाल. त्यांनी गाडीला कुंकू लावलं, नारळ फोडला, आणि मी युरियाचं पोतं उचलणार तोच ओरडले, "अरे, नव्या गाडीवर पयलं वझं खताचं? कायतरी शुभ चढू दे आधी!" आता खताच्या दुकानात शुभ ते काय मिळणार? युरिया, शेणखत नि उंदराचं औषध! पण शेठही देवभोळे, त्यांनी मान डोलावली. शुभ काय ते मात्र रोज उद्यावर जायचं. गाडी पंख्याखाली आरामात उभी आणि आम्ही बैलासारखे राबतोय. माझं डोकं नुसतं तापायचं.

शेवटी कंबरेने दगा दिलाच. एका दुपारी पोत्यासकट खाली बसलो तो उठवेचना. नाक्यावर एकही रिक्षा नव्हती. "गाडीवर घ्या त्याला," शेठ म्हणाले. मामा विचारात पडले. "माणूस हाय, शुभच म्हणायचा," असा निवाडा देऊन त्यांनी पहिल्या ओझ्याचा मान म्हणून माझ्या गळ्यात शेठच्या देव्हाऱ्यातला झेंडूचा हार घातला. पडू नये म्हणून पांढऱ्या चादरीने गाडीला बांधलं, आणि वरात निघाली.

बायको दारात तांदूळ निवडत होती. पांढरी चादर, गळ्यात हार, मान खाली घालून गाडी ढकलत येणारे मामा नि शेठ. सूप टाकून तिने असा हंबरडा फोडला की सगळी आळी गोळा झाली.

"अगो, जिता हाय मी!" मी बोंबललो.

मग तिने आधी मामांना शिव्या घातल्या, नंतर शेठना, आणि उरलेल्या सगळ्या मला.

संध्याकाळी गरम मिठाच्या पुरचुंडीने कंबर शेकताना ती हळूच म्हणाली, "मुंबयला नाय जायचं. तिकडं पडलात तर दारात कोण आणून सोडणार?"

मला इतकं बरं वाटलं, की शेक चांगलाच पोळत होता तरी हात काढ म्हणालो नाही.